गॅरेजच्या छतातला पाईप गोठतोय, हीट केबल लावतोय – टोकं सील कशी करायची?

मिनेसोटाकर
नमस्कार मंडळी. घर मिनियापोलिसच्या पश्चिमेला, ऐंशीच्या दशकात बांधलेलं. गॅरेजच्या वर एक बेडरूम आहे आणि तिथल्या बाथरूमचा गार पाण्याचा पाईप गॅरेजच्या छतातून जातो, अर्धा इंची तांब्याचा, साधारण ३० फूट. गॅरेजला हीटिंग नाही. बाहेर शून्याखाली गेलं (फॅरनहाइटमधलं शून्य बरं का, म्हणजे आपलं उणे १८) की आधी धार बारीक होते मग बंदच. अजून फुटला नाही हे नशीब. प्लंबर म्हणतो पाईप घराच्या आतून फिरवा, त्याचा खर्च ऐकून तो विषय घरात परत निघालेला नाही.
म्हणून पाईपला ऊब देणारी सेल्फ रेग्युलेटिंग (गारठ्याप्रमाणे स्वतःच कमीजास्त तापणारी) हीट केबल आणली, फुटावर कापून मिळते ती, १२० व्होल्ट, फुटाला ५ वॅट. दुकानात टोकं बांधायचं किट मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला किट कशाला, एका टोकाला प्लग जोडा, दुसऱ्या टोकाला दोन वायरी एकमेकींना पिळून टेप मारा, झालं काम. मला हे काही पटेना. इथे कोणी केलंय का स्वतः? वायरिंग घरातलं मी करतो, परमिट काढून, त्यामुळे विजेची भीती नाही पण ही केबल वेगळीच दिसतेय, आत काळं रबरासारखं काहीतरी आहे.

विनिपेगचा_गारठा
थांबा!! त्या दोन वायरी पिळू नका, सरळ शॉर्ट होईल. सर्किट शेवटच्या टोकाला जोडून पूर्ण करायचं हे जुन्या सिरीज केबलचं डोकं. तुमच्या केबलमध्ये दोन तांब्याच्या वायरी शेवटपर्यंत समांतर जातात, एकीत फेज एकीत न्यूट्रल, आणि मधलं जे काळं आहे ना तोच हीटर. प्लास्टिकमध्ये कार्बन मिसळलेला असतो. गार झालं की ते आकसतं, कार्बनचे कण एकमेकांना टेकतात, करंट जास्त जातो, जास्त तापतं. गरम झालं की फुगतं, कण लांब जातात, करंट कमी. म्हणून ती कुठेही कापता येते, स्वतःवरून गेली तरी जळत नाही. दुकानात पाकिटात मिळते ती ठरलेल्या लांबीची प्लगवाली असते, ती बहुतेक कॉन्स्टंट वॅटेजची (कायम तेवढीच तापणारी), ती कापायची नाही आणि एकमेकींवरून न्यायची तर मुळीच नाही.
दुसरं टोक मोकळं ठेवायचं पण सील करून. आणि टेपने सील होत नाही.

लोटेकर
वरचं बरोबर आहे. मी लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटला इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. तुम्हाला वाटेल कोकणात हीट केबलचं काय काम, तर फिनॉल ४०.५ डिग्रीला घट्ट होतं, म्हणजे चिपळुणात मे महिन्यात अंगाची लाही होत असताना सुद्धा लाईन आतून जाम. ५० टक्के कॉस्टिक पण बारा डिग्रीच्या आसपास बसतं. त्यामुळे आयुष्यभर हेच केलं, केबल ओढा, टोकं बांधा, मेगर मारा (मेगर म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर).
एक सांगतो, आमच्याकडे केबल मधूनच बिघडली असं क्वचित झालं. बिघडली ती टोकाला. एकतर पॉवरच्या टोकाला नाहीतर एंड सीलला, आणि कारण एकच, पाणी. उघड्या टोकातून ओल आत शिरते आणि त्या काळ्या कोअरच्या कडेने पुढे सरकते. मग वायर आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये बारीक बारीक ठिणग्या चालू होतात. हा करंट एवढा मोठा नसतो की साधा ब्रेकर पडेल. ब्रेकर शांत आणि केबल टोकापासून हळूहळू जळत मागे येते, लाकडी घर असेल तर पुढचं सांगायला नको. तुमचं अख्खं छत लाकडाचं आहे ना?
किट आणाच. आणि केबल ज्या कंपनीची त्याच कंपनीचं किट, मापं वेगळी असतात. कापलेलं टोक गॅरेजमध्ये उघडं पडलं असेल तर जोडायच्या आधी फूटभर कापून टाका.

मिनेसोटाकर
हो काका, अख्खं छत लाकडाचंच. किट ऑनलाईन मागवतो, त्याच कंपनीचं. आत काय काय येतं आणि कसं बांधायचं ते जरा तुमच्या भाषेत सांगाल का, त्या कागदावरची चित्रं बघून डोकं चालत नाही.

लोटेकर
सांगतो. कागद टाकून देऊ नका मात्र, मापं त्याचीच घ्यायची, मी फक्त हात कसा चालवायचा ते सांगतो.
पॉवरचं टोक आधी. बाहेरचं जॅकेट सोलायचं, ब्लेड हलकं, आतली जाळी कापली जाता कामा नये. ती टिन केलेल्या तांब्याची जाळी म्हणजे तुमचं अर्थिंग, ती बरेच लोक कापून फेकतात आणि मग विचारतात अर्थ कुठे जोडू. जाळी मागे ढकलायची म्हणजे ती फुगून सैल होते, मग स्क्रूड्रायव्हरने तारा बाजूला सारून एक भोक करायचं आणि केबल वाकवून त्या भोकातून बाहेर ओढून घ्यायची. रिकामी झालेली जाळी ओढून पीळ दिला की झाली अर्थची वायर.
मग आतलं जॅकेट. मग काळा कोअर. इथे वेळ लागतो. दोन वायरींच्या मधोमध कोअरला चीर द्यायची, वायरीला ब्लेड लावायचं नाही, आणि शेवग्याच्या शेंगेचा दोर काढतो तशी एकेक वायर कडेने ओढून सोलून काढायची. गार असेल तर निघत नाही, हीट गनची थोडी ऊब दिली की निघते. वायरीला काळं चिकटून राहिलं असेल तर खरवडून काढा, क्रिंपमध्ये (वायरी दाबून केलेल्या जोडात) ते आलं तर जोड गरम होतो. तारा तुटल्या असतील तर लाज न बाळगता कापून परत पहिल्यापासून.
आता दोन वायरी जिथे कोअरमधून बाहेर पडतात ती बेचकी, खरी मेख तिथे आहे. प्रत्येक वायरीवर आपापली श्रिंक स्लीव्ह (ऊब दिली की आकसणारी नळी) शेवटपर्यंत सरकवायची आणि बेचकीत किटमधला मॅस्टिक (चिकट लुकण) किंवा जेल भरायचा, कोअरचा एक चौरस मिलीमीटर सुद्धा उघडा दिसता कामा नये. मग गार वायरी क्रिंप करायच्या, क्रिंपिंग टूलनेच, साध्या पकडीने नाही. त्यावर स्लीव्ह, आणि सगळ्यावर मोठी स्लीव्ह. फेज न्यूट्रल कुठलीही कुठेही चालेल, जाळी तेवढी अर्थला.
एंड सील सोपं पण लोक तिथेच घाई करतात. जॅकेट आणि जाळी मागे कापायची, कोअर थोडा पुढे राहील असं, जाळीची एक तार सुद्धा वायरीच्या तोंडाजवळ येता कामा नये. मग आतून गोंद असलेली टोपी चढवायची, हीट गन फिरती ठेवायची, एका जागी धरली की जॅकेट मऊ पडतं. आकसली की पुढचं तोंड गरम असतानाच चपट्या पकडीने दाबून धरायचं, मनात दहा मोजा, सोडा. मागच्या कडेला गोंदाची रेघ चहूबाजूंनी बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका बाजूला आली आणि दुसऱ्या बाजूला नाही तर परत ऊब द्या. गॅसच्या टॉर्चने हे काम करू नका.

शुभदा_डॅलस
लोटेकर काका हे प्रिंट काढून ठेवतेय 🙏
पण एक विचारू का, लाईट गेली तर? २०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या टेक्ससमध्ये ग्रिडच बसली होती, आमच्याकडे पाईप माळ्यावरून जातात, शेजाऱ्यांच्याकडे हीट केबल होती आणि ती बिचारी नुसती गुंडाळलेली राहिली. त्यांचं छत खाली आलं, आमचं वाचलं कारण आम्ही मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडून पाईप रिकामे केले होते.

विनिपेगचा_गारठा
लाईट गेली की केबल म्हणजे पाईपवरची दोरी, खरंय. म्हणून तो मेन कॉक कुठे आहे आणि हाताने फिरतो का हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. आणि अजून एक, पाईप बर्फाजवळच फुटतो असं नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बर्फाचा बुच बसतो आणि तो बुच आणि बंद नळ यांच्या मधल्या पाण्यावर दाब चढतो, फुटतो तिथे. नळ थोडा चालू ठेवला की दाब सुटतो म्हणून थेंब थेंब ठेवायला सांगतात. अतिशय थंडीत मात्र धार बारीक असून उपयोग नाही, ड्रेनसुद्धा गोठते.

फटी_बुजवा
सगळे केबलच्या मागे लागलेत, मूळ रोग कोणी बघत नाहीये. गॅरेजच्या छतातला पाईप गोठतो म्हणजे तिथे वारं शिरतंय. रिम जॉइस्टच्या (कडेच्या तुळईच्या) फटी फोमने बुजवा, पाईपच्या खाली (गॅरेजच्या बाजूला) इन्सुलेशन भरा आणि वर बेडरूमच्या फळ्यांना पाईप जवळ असू द्या, घराची उष्णता आपोआप मिळेल. फुकट. केबल हे पांगळ्याला काठी देण्यासारखं आहे.

मिनेसोटाकर
@फटी_बुजवा फटी बुजवल्यात हो, स्प्रे फोमचे डबे संपवलेत. पाईप जॉइस्टना आडवा जातो, भोकांमधून, वर सरकवता येत नाही. त्याने फरक पडला, पण २०१९ च्या जानेवारीत इथे उणे २८ गेलं होतं (फॅरनहाइट), तशी रात्र परत आली तर नुसत्या फोमवर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही.

लोटेकर
इन्सुलेशन उष्णता निर्माण करत नाही, फक्त जाण्याचा वेग कमी करतं. पाणी रात्रभर हललं नाही तर आज ना उद्या गोठणारच. दोन्ही लागतं. केबल लावून वर इन्सुलेशन नसेल तर तुम्ही गॅरेज तापवताय, आणि ३० फूट गुणिले ५ म्हणजे १५० वॅटमध्ये गॅरेज काही तापत नाही.

कॅलगरीतला_नागपुरी
काय बाप्पा, १५० वॅट म्हणजे दोन बल्ब, दिवसाला साडेतीन युनिट फक्त. मी तर समजत होतो मीटर पळते म्हणून लावली नाही. मले छताच्या गटारीत लावायची आहे, बर्फाचे लांब लांब सुळे लोंबतेत दारावर, ते पडले तं डोकं फुटते. हेच किट चालेल का?

विनिपेगचा_गारठा
नाही, पाईपची आणि छताची केबल वेगळी. छतावरच्या केबलचं जॅकेट उन्हाला टिकणारं असतं आणि कंपनीने ती छतासाठी पास केलेली असते. नियमही वेगळे. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये पाईपचं प्रकरण ४२७ आणि छत, अंगणातला बर्फ वगैरे ४२६. तुम्हा आम्हाला कॅनडाचा कोड, पण भेद तोच. वेगळा धागा काढा.

मिनेसोटाकर
आता ब्रेकरचं. गॅरेजमधल्या प्लगला जीएफसीआय (करंट गळला की बंद पडणारं सेफ्टी स्विच) आहे, त्यातच लावू का? का वेगळं सर्किट ओढू?

विनिपेगचा_गारठा
माझा अनुभव सांगतो, साधा जीएफसीआय ४ ते ६ मिलीअँपला पडतो, तो माणसाचा जीव वाचवायला. हीट केबलमध्ये वायर आणि जाळी इतकी जवळ असतात की केबल धडधाकट असून सुद्धा थोडा गळका करंट असतोच, लांबी वाढली की वाढतो, दमट हवेत अजून. मग तो रात्री दोन वाजता पडतो, तुम्हाला कळत नाही आणि सकाळी पाईप गोठलेला. केबलसाठी ३० मिलीअँपचा ग्राउंड फॉल्ट ब्रेकर मिळतो, कोडमध्ये ४२७.२२ मध्ये हे संरक्षण बंधनकारकच आहे. पॅनेलमधून वेगळं सर्किट, मध्ये बॉक्स, प्लग नकोच.

निवृत्त_सुभेदार
जय हिंद. आमच्याकडे भारतात घरात ३० मिलीअँपचं आरसीसीबी माणसाच्या संरक्षणासाठीच बसवतात. मग तुम्ही तेच माणसासाठी अपुरं कसं म्हणता?

लोटेकर
सुभेदार साहेब, दोन्ही बरोबर. आपल्याकडचं आणि युरोपचं गणित ३० मिलीअँप किती मिलिसेकंदात तुटतं त्यावर बसवलंय. अमेरिकेने माणूस हात सोडवून घेऊ शकेल त्या करंटची रेघ धरली आणि ती पाचाच्या आसपास येते. त्यामुळे त्यांचा ३० चा ब्रेकर हा यंत्र जळू नये म्हणून, माणसासाठी म्हणून तो पास नाही. केबलवर इन्सुलेशन असतं, अर्थची जाळी असते, उठसूट कोणी हात लावत नाही म्हणून तिथे तो चालतो. आणि मी वर सांगितली ती बारीक ठिणगी पकडायला तोच लागतो, साध्या ब्रेकरला ती दिसत नाही.

निवृत्त_सुभेदार
समजलं, धन्यवाद. लेहला पोस्टिंगला होतो तेव्हा असलं काही नव्हतं, हिवाळ्यात लाईनीच रिकाम्या करायचो आणि पाणी टँकरने. बर्फ वितळवून चहा केलेला आहे, त्याला चव नसते.

शुभदा_डॅलस
😄

मिनेसोटाकर
अपडेट. परमिट काढलं, १५ अँपचा ३० मिलीअँपवाला ब्रेकर, तिथून गॅरेजच्या भिंतीवर बॉक्स, बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूने घेतली आणि शिरण्याआधी एक झोल सोडला म्हणजे पाणी ओघळलं तर बॉक्समध्ये न जाता खाली पडेल. पाईपवर केबल सरळ नेली, गुंडाळली नाही, घड्याळातल्या चार आणि आठच्या मध्ये कुठेतरी, अगदी तळाला नाही. फायबरग्लासच्या टेपने फूटफूट अंतरावर बांधली. कॉकच्या इथे एक वेढा जास्त सोडला म्हणजे उद्या कॉक बदलायचा झाला तर केबल कापायला नको. शेवटाला पण दोनेक फूट जास्तीची आहे ती परत पाईपवरच मागे वळवली.
ऑफिसमधल्या एका इलेक्ट्रिकलवाल्याकडून मेगर आणला. दोन्ही वायरी एकत्र पिळून एका लीडला, जाळी दुसऱ्या लीडला, ५०० व्होल्टला काटा शेवटाला टेकला, मग १००० ला पण तसाच. वायरी नंतर सोडवल्या, काळजी नको 🙂

लोटेकर
छान. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, त्याचे नऊ व्होल्ट ओल शोधायला पुरत नाहीत. २० मेगओहमच्या खाली आलं तर केबल वापरायची नाही, नवी असेल तर हजारात यायला पाहिजे. आता अजून एक करा, जाळी आणि पाईप यांच्यामध्ये पण मारा, बाहेरचं जॅकेट कुठे सोललं गेलंय का ते कळेल. आणि इन्सुलेशन झाल्यावर परत मारा. हे दुसऱ्यांदा मारणं लोक विसरतात. तिसऱ्यांदा पॉवर द्यायच्या आधी.

कॅलगरीतला_नागपुरी
टेप कोणती म्हटली? मी तं काळी इलेक्ट्रिकची टेप घेऊन बसलो होतो.

विनिपेगचा_गारठा
काळी व्हिनाईल टेप नको, डक्ट टेप पण नको. त्यातलं मऊ करणारं द्रव्य जॅकेटमध्ये उतरतं. ग्लास टेप. पाईप प्लास्टिकचा असेल तर केबलवर लांबीने ॲल्युमिनियमची टेप, म्हणजे उष्णता पसरते, प्लास्टिक स्वतः उष्णता नेत नाही. मिनेसोटाकरांचा तांब्याचा आहे, त्यांना गरज नाही.

मिनेसोटाकर
परत मीच. इन्सुलेशन भरायला आणि छताचा बोर्ड परत लावायला माणसं बोलावली होती. ती गेल्यावर काकांचं ऐकून मेगर मारला. वायरी-जाळी अर्धा मेगओहम पण नाही. जाळी-पाईप पण खाली. काल हजारात होतं! ब्रेकर अजून चालू केलेला नाही.

लोटेकर
केबल आपोआप बिघडत नाही. कशाने तरी भोक पडलंय. त्यांनी इन्सुलेशन स्टेपल केलंय का? स्टेपल किंवा स्क्रू शोधा. जाळी आणि पाईप दोन्हीला लागतोय म्हणजे जिथे केबल पाईपवर आहे तिथेच. टोकाकडून बघायला सुरुवात करा, माणसं कोपऱ्यातच स्टेपलर जोरात मारतात.

मिनेसोटाकर
सापडलं! बाथरूमकडच्या टोकाला जास्तीची केबल मागे वळवली होती ना, तिथेच इन्सुलेशनच्या कागदातून एक स्टेपल आरपार, बाहेरचं जॅकेट, जाळी, आतलं जॅकेट सगळं भेदून. त्याचा एक पाय केबलमध्ये आणि दुसरा पाईपला घासत होता. बोर्ड एकच काढावा लागला. आता मध्ये जोड देऊ का? स्प्लाइस किट मिळतं म्हणे.

लोटेकर
जोड कशाला. तुमची केबल कुठेही कापता येते हाच तर तिचा फायदा. स्टेपलच्या अलीकडे हातभर सोडून कापा आणि तिथे नवीन एंड सील बांधा. जास्तीची दोन फूट होती ती कामाला आली. पाईप उघडा पडत नाही ना तेवढं बघा. जितके जोड कमी तितकं बरं, प्रत्येक जोड म्हणजे पाण्याला अजून एक दार.

विनिपेगचा_गारठा
आणि एंड सील यावेळी खोलगट जागेत ठेवू नका, घामाचं पाणी ओघळून साचतं. थोडं वर उचलून बांधा आणि इन्सुलेशनच्या बाहेर त्या जागेवर खूण करा. आत इलेक्ट्रिक हीटिंग आहे असं सांगणाऱ्या पट्ट्या पण लावायच्या असतात, कोडमध्ये २० फुटांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. उद्या दुसरा प्लंबर येऊन करवत चालवेल.

मिनेसोटाकर
झालं. कापलं, दुसरी टोपी किटमध्ये होतीच. यावेळी गोंदाची रेघ आधी एका बाजूलाच आली, परत ऊब दिल्यावर पूर्ण गोल आली. मेगर परत हजाराच्या वर, जाळी-पाईप पण स्वच्छ. स्टेपल काढून त्या जागी पट्टीने बांधलंय इन्सुलेशन. इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याने ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबून बघितलं, पट्ट्या बघितल्या आणि सही केली. थर्मोस्टॅट ४० फॅरनहाइटला लावलाय, कारण सेल्फ रेग्युलेटिंग असली तरी उन्हाळ्यात ती पूर्ण बंद होत नाही, थोडं खातच राहते.

लोटेकर
शाब्बास. मेगरचं रीडिंग तारखेसकट बॉक्सच्या झाकणाला आतून लिहून चिकटवा. दर वर्षी थंडी लागायच्या आधी एकदा मारा आणि खाली लिहीत जा. आकडा एकदम पडला तर कोणीतरी भोक पाडलंय, दर वर्षी थोडा थोडा उतरला तर सीलमधून ओल येतेय. ब्रेकरचं बटण मात्र महिन्याला दाबा.

मिनेसोटाकर
चिकटवलं काका. @कॅलगरीतला_नागपुरी मेगर अजून दोन आठवडे माझ्याकडे आहे, पण कॅलगरीला पोस्टाने पाठवणार नाही 🙂

कॅलगरीतला_नागपुरी
ठेव तुझ्याजवळच, इकडे भाड्याने भेटते. गटारीचा धागा काढून राहिलो आज रात्री, लोटेकर काका या तिकडे.

लोटेकर
येतो, पण छतावरचं मी कधी केलेलं नाही, आमच्याकडे छतावरून पाऊस पडतो. विनिपेगवाल्यांना घेऊन या.